मामंजींचा चामडी बटवा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बायांनो, कारण एकदा सांगायला लागले की मी थांबणार नाही, आणि चहाही पुन्हा गरम करून मिळणार नाही. मघाशी तुम्ही म्हणालात ना, शेवंताक्का, तुमच्या हातून काही चुकलेलं आम्ही कधी बघितलं नाही? म्हणून सांगते. माझ्या हातून चुकलं ते असं चुकलं, की आमच्या अख्ख्या गावानं ते महिनोन्महिने चघळलं. चघळलं म्हणजे खरोखरच चघळलं. कसं ते कळेलच.

मी निपाणीची. माझे वडील तंबाखूच्या वखारीत मालाची पारख करायचे. पान हातात घ्यायचं, चुरगळायचं, नाकाशी धरायचं आणि सांगायचं, हा माल कुठल्या रानातला, किती ऊन खाल्लेला. मी घरात थोरली. त्यांच्या मागं मागं फिरून मलाही वास घ्यायची सवय लागली. तेवढ्यावर राहतं तर बरं होतं. पण वास घेतला की लगेच निकाल द्यायची सवयही लागली.

हे नाक घेऊन मी लग्न होऊन खानापूरच्या अलीकडच्या एका खेड्यात आले. पहिल्या महायुद्धातली, तिकडं इराकात बसऱ्याकडची मोठी लढाई संपून काही वर्षं झाली होती. घर शेतकऱ्याचं, माणसं मोजकी. आमचे हे, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मामंजी, म्हणजे सासरे.

मामंजी पलटणीतून पेन्शन घेऊन घरी आलेले. ताठ चालणं, पांढऱ्या मिशा, आणि बोलणं जवळजवळ नाहीच. गाव त्यांना हवालदार म्हणायचं आणि चार हात लांब राहायचं. त्यांच्या नावावर काय काय गोष्टी होत्या म्हणून सांगू. कुणी म्हणे, हवालदारांनी बसऱ्याला एकट्यानं खंदक साफ केला. कुणी म्हणे, तलवारीची धार गेली तेव्हा नुसत्या मुठीनं लढले. पारावर कुणी विचारलंच, "हवालदार, किती गारद केलंसा वो?" तर मामंजी उत्तर न देता धोतर झटकून उठायचे. ते उठून गेले की गावाच्या हिशेबात आणखी दहा-बारा माणसं मरायची.

त्या काळी सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती. मला मामंजींना काही सांगायचं झालं तर मी भिंतीकडं बघून बोलायची, ते आत्याबाई ऐकायच्या, आणि त्या मामंजींना सांगायच्या. मामंजींचं उत्तर त्याच वाटेनं परत यायचं. बहुतेक वेळा यायचंच नाही. पुढ्यात ताट ठेवलं की ते जेवायचे, हात धुवायचे, निघून जायचे. आमटी चांगली झाली का खारट, कळायला मार्ग नाही.

मला त्यांची भीती वाटायची, पण त्याहून जास्त एक हौस होती. ह्या माणसानं एकदा तरी म्हणावं, सून बरी आहे. बस, एवढंच.

सोप्यातल्या खुंटीवर मामंजींचा पलटणीतला पट्टा टांगलेला असायचा. एके काळी पांढरा असावा, आता पिवळा पडलेला. त्या पट्ट्यात ओवलेला एक बटवा. काळ्या कातड्याचा, पेटीसारखा कडक, पंजाएवढा. वर झडप, आणि झडपेवर पितळी बिल्ला. बिल्ल्यावर दोन वाकडी शिंगं काढलेली आणि शिंगांच्या मधे उभ्या तारा. गावातले जाणते म्हणायचे, काडतुसं ठेवायचा बटवा आहे, आणि शिंगं म्हणजे पलटणीची खूण, की आम्ही दुश्मनाला बैलासारखे भिडतो. मामंजींना विचारायची कुणाची छाती नव्हती. कातड्याचा म्हणून आत्याबाई त्याला हात लावायच्या नाहीत. त्यामुळं त्या बटव्यात काय आहे, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

मग आली खंडेनवमी. घरातली हत्यारं-अवजारं पुसून पुजायचा दिवस. कोयते झाले, कुऱ्हाड झाली, नांगराचा फाळ झाला. मामंजी मळ्यात गेलेले. आत्याबाई म्हणाल्या, तो पलटणीचा बटवापण घे गं, त्याच्यावर धूळ बसलीय, पण चुलीकडं आणू नको.

मी बटवा खाली घेतला. झडप उघडली. आत काडतूस-बिडतूस काही नव्हतं. लाल फलालीनच्या मऊ चिंधीत गुंडाळलेली एक पितळी वस्तू तेवढी होती. बोटभर लांब, एका बाजूला वाटीसारखी पसरट, खाली निमुळती होत गेलेली नळी. आणि बटव्याच्या शिवणीत तपकिरी भुगा अडकलेला.

झालं. निपाणीच्या पोरीनं नाक आत घातलं.

आता शहाण्या माणसाला कळलं असतं, की जुनं कातडं झिजलं की त्याचा तपकिरी भुगा होतो. पण माझ्या नाकानं निकाल देऊन टाकला. मी आत्याबाईंना म्हणाले, "आत्याबाई, काडतुसाचा न्हाय ह्यो. तंबाखूचा बटवा हाय. आमच्या निपाणीत कापडाची चंची असती, पलटणीत कातड्याची असणार."

आत्याबाई म्हणाल्या, "अगं, पर ह्यांनी जल्मात कधी तंबाखू तोंडात धरली न्हाय."

यावर गप्प बसावं की नाही? पण मी त्यांनाच समजावलं. म्हटलं, आधी खात असतील. लढाईवरून आल्यावर इथला माल पसंत पडला नसेल, म्हणून सोडली असेल. मोठ्या माणसांची जीभ चोखंदळ असते. आणि म्हणूनच ते असे गप्प गप्प असतात. चांगली तंबाखू सुटलेला माणूस असाच होतो, मी वखारीत बघितलाय.

आत्याबाईंना हे पटलं. इतकी वर्षं नवरा गप्प का, याचं कारण त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

मग ती पितळी वस्तू. तिचा निकाल तर मी बघता बघता लावला. तपकीर डबीत भरायचं नरसाळं! आता मामंजी तपकीर ओढत नव्हते, तेव्हा नरसाळं रिकामंच पडलेलं. इकडं मला रोज संध्याकाळी चिमणीत घासलेट ओतताना निम्मं हातावर सांडायचं. मी ते नरसाळं चिमणीच्या तोंडात घालून बघितलं. असं बसलं, जणू त्याच्यासाठीच घडवलं होतं. लाल चिंधीनं कंदिलाची काच पुसली. ती काच त्या दिवशी जशी लखलखली तशी पुन्हा कधी लखलखली नाही.

माहेरून येताना वडिलांनी पाहुण्यारावळ्यांसाठी म्हणून उंची तंबाखू दिली होती. ती मी बटव्यात गच्च भरली, शेजारी चुन्याची डबी ठेवली, सुपारीचं खांड ठेवलं, झडप लावली आणि बटवा पुजेला मांडला.

मामंजी दुपारी घरी आले. पूजा झाली. मी दाराआड उभी. त्यांनी हळूच बटवा उचलला, बाजूला जाऊन पाठमोरे उभे राहिले आणि झडप उघडली. बराच वेळ तसेच उभे. मग आत बोटं घातली, तळापर्यंत चाचपलं, मुठीत तंबाखू काढली, परत ठेवली. आणि सणकून शिंकले.

मी आत पळाले आणि आत्याबाईंना सांगितलं, माल पसंत पडला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या.

पाणी आलं होतं, हे खरं आहे. कशानं आलं होतं ते मला पुढं कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मामंजी संध्याकाळी बटवा घेऊन पारावर जायला लागले. याआधी ते सहसा पारावर बसत नसत. आमचे हे येऊन सांगायचे, आप्पांच्या तंबाखूची गावात लई तारीफ चाललीय. चार-आठ दिवसांत बटवा रिकामा. मी भरला. पुन्हा रिकामा. पुन्हा भरला. म्हटलं, बघा, किती वर्षांची तल्लफ असेल.

माहेरी निरोप धाडला, तंबाखू पाठवा. वडिलांनी पाठवली. मग पुन्हा निरोप, आणखी पाठवा. तेव्हा वडिलांचा उलटा निरोप आला, घरात खाणारी माणसं किती? मी कळवलं, एकटे मामंजीच. त्यावर वडिलांनी तंबाखू पाठवली खरी, पण सोबत चिंतेचा निरोपही पाठवला, की त्या माणसाला वैद्याला दाखवा, एवढा माल बैलानं खाल्ला तर बैल आडवा होईल.

इकडं घरात मात्र एक विपरीतच चाललं होतं. तंबाखू मिळूनही मामंजी खुलेनात. उलट जेवण कमी झालं. पहाटे मळ्यात जायचे ते जात, पण जाताना कोनाडे चाचपायचे, पट्टा झटकायचे, खाटेखाली वाकून बघायचे. एकदा तर धान्याच्या कणगीमागं हात घालून काहीतरी शोधताना मी बघितलं. आत्याबाईंनी विचारलं, काय हरवलं? तर म्हणाले, काही नाही.

आणखी एक गोष्ट राहिली सांगायची. मी लग्न होऊन आले तेव्हापासून पहाटे आमच्या मळ्याकडून एक चमत्कारिक आवाज यायचा. धड पाखराचा नाही, धड रेडकाचा नाही. बदकाला सर्दी झाली तर जसा येईल तसा. पाणवठ्यावरच्या बायका म्हणायच्या, विहिरीत काहीतरी आहे. खंडेनवमीनंतर तो आवाज एकाएकी बंद झाला. आत्याबाईंनी सगळ्यांना सांगितलं, नारळ फोडला, म्हणून गेलं.

असे दिवस चाललेले. मामंजी वाळत चाललेले, गाव तंबाखू चघळतंय, आणि मी माझ्या पारखीवर खूश. फक्त एवढंच मनाला लागायचं, की एवढं करूनही माझ्याविषयी ते चांगलं-वाईट काही बोलत नव्हते. मग वाटायचं, माल कमी पडतोय. मी आणखी दाबून भरायची.

एक दिवस ऊन कलताना दारात पाहुणे आले. यल्लाप्पाकाका, मामंजींचे पलटणीतले सोबती. राहायला बेळगावात. मामंजींच्या उलट, मोठ्यानं बोलणारे, पोटभर हसणारे, अर्धं कानडी अर्धं मराठी. मामंजींनी त्यांना मिठी मारली. मामंजी कुणाला मिठी मारतात हे मी पहिल्यांदाच बघितलं.

सोप्यात घोंगडं टाकलं. आमचे हे तिथंच बसले, आत्याबाई चौकटीशी. मी आत चहाचं आधण ठेवलं आणि तेवढ्यात दिवेलागण झाली म्हणून चिमणी भरायला घेतली. कान बाहेर.

यल्लाप्पाकाका सांगत होते, बेळगावच्या कॅम्पात जुन्या पेन्शनरांचा मेळावा ठरलाय. साहेबानं म्हटलंय, बँडमधले जुने लोक असतील तर त्यांनीही वाजवावं. मी ढोल वाजवणार, तू तुझा तो तुतारीसारखा बाजा, कॉर्नेट, वाजव. बाजा तिथं मिळेल. फक्त बाज्याचं फुंकायचं तोंड तू तुझं घेऊन ये, दुसऱ्याचं तुझ्या ओठाला चालत नाही.

आमचे हे म्हणाले, "काका, कसला बँड?"

"कसला म्हंजे? पलटणीचा. तुझा बाप आमच्या बँडचा पयला कॉर्नेट. तुला ठावं न्हाय?"

आणि उठून त्यांनी खुंटीवरचा बटवा हातात घेतला असावा, कारण पुढचं बोलणं बटव्याबद्दल होतं. म्हणाले, ह्यो बघ, बँडवाल्याचा पौच. हितं गाण्याचे पुठ्ठे ठेवायचे, चालता चालता बघून वाजवायला. आणि ह्यो बिल्ला बघ, साहेब लोकांची वीणा हाय ही. बाजेवाल्याची खूण.

वीणा. दुश्मनाला भिडणारे बैल नव्हेत, वीणा. मी आत चिमणी भरता भरता म्हटलं, बघा, गावाला किती कळतं.

मग झडप उघडल्याचा आवाज आला, आणि यल्लाप्पाकाकांचा आवाज चढला. "अरे, हे काय? पौचात तंबाखू? तू? तंबाखूनं ओठ जातात म्हणून आमच्या हातातली हिसकावून फेकणारा तू?"

मामंजी खालच्या आवाजात म्हणाले, "सूनबाईनं भरलीया. हौसेनं भरती बिचारी. मी पारावर वाटून टाकतो. तू काय बोलू नगो, आत ऐकू जाईल."

बायांनो, मी ऐकत होते. माझ्या हातात घासलेटची बाटली तशीच धरलेली.

यल्लाप्पाकाकांनी विचारलं, ते बाज्याचं तोंड कुठं आहे मग? ह्याच्यातच असायचं की, लाल फलालीनमधे. पितळी, बोटभर. नरसाळ्यासारखं.

मी खाली बघितलं. चिमणीच्या तोंडात पितळी, बोटभर, नरसाळ्यासारखं ते उभं होतं, आणि घासलेट त्याच्या काठावरून वाहून माझ्या पायावर चाललं होतं.

मामंजी म्हणाले, "हरवलं कुठंतरी. पहाटंचं मळ्यात जाऊन नुसतं तेवढंच फुंकायचो रं. बाजा न्हाय तर न्हाय. आता तेबी न्हाय. तू दुसरा कोनतरी बघ."

म्हणजे ती बदकाची सर्दी. विहिरीतलं भूत. पलटणीचा बाजा पलटणीत ठेवून आलेला माणूस, त्याचं नुसतं तोंड जवळ ठेवून, कुणाला कळू नये म्हणून पहाटेच्या मळ्यात जाऊन वाजवत होता. आणि मी त्यात घासलेट ओतत होते. त्यांना संशय माझाच असणार, बटव्याला हात लावणारी मी एकटी. पण विचारलं तर सून खजील होईल म्हणून तो माणूस कणगीमागं शोधत बसला.

मला रडू यायला लागलं, पण रडायला वेळ कुठं होता? चिंच आणि राख घेतली आणि ते पितळ घासायला बसले. घासलं, धुतलं, वास घेतला. पुन्हा घासलं. निपाणीच्या नाकाला घासलेट जाईना. इकडं चहा उकळून उकळून काळा झाला. शेवटी चहाच्या पेल्यांबरोबर तेही थाळ्यात ठेवलं, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि बाहेर गेले.

थाळा मामंजींच्या पुढ्यात ठेवला आणि तिथंच खाली मान घालून उभी राहिले.

मामंजींनी पेल्याकडं हात नेला आणि तो हात मधेच थांबला. त्यांनी ते तोंड उचललं. बोटांत फिरवलं. उजेडाकडं धरून नळीतून आरपार बघितलं. मग ओठाला लावलं.

तोच आवाज आला. सर्दी झालेल्या बदकाचा. आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, आधी उजळला आणि मग एकदम आंबट झाला. त्यांनी ओठ पुसले, जीभ टाळ्याला लावून बघितली आणि माझ्याकडं पाहिलं. भिंतीकडं नाही, आत्याबाईंकडं नाही, माझ्याकडं.

"घासलेट?" म्हणाले.

मी मान हलवली.

"चिमणी भरत हुतीस व्हय ह्यानं?"

मी पुन्हा मान हलवली, आणि मग बांध फुटला. नरसाळं काय, तपकीर काय, निपाणीची वखार काय, सगळं एका दमात बोलून टाकलं. सासऱ्यासमोर नवी सून एवढं बोलते म्हणून आमचे हे डोळे मोठे करून बघत होते. यल्लाप्पाकाका हसून हसून घोंगड्यावर आडवे झाले.

मामंजी हसले नाहीत. माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "सांडत न्हवतं ना हातावर?"

म्हटलं, "न्हाय."

"मग कामाला आलं म्हनायचं."

सासऱ्यांचं आणि माझं हे पहिलं बोलणं.

पण खरं बोलणं यानंतर झालं. आमच्या ह्यांना राहवेना. त्यांनी विचारलं, आप्पा, तुम्ही बँडात होता, तर मग ती बसऱ्याची लढाई? यल्लाप्पाकाकांनी सांगितलं. लढाईवर निघताना बाजे पेटीत बंद करतात, आणि बँडवाल्यांच्या हातात जखमी माणसं वाहायच्या डोल्या देतात. आम्ही दोघं एका डोलीला होतो, मी पुढं, हा मागं. गोळ्या चालू असताना पुढं जायचं आणि पडलेला माणूस उचलून मागं आणायचा. ह्यानं सगळ्या लढाईत एकसुद्धा गोळी झाडली नाही.

मामंजी खाली बघून म्हणाले, "गाव ईचारतं, किती मारलं. काय सांगू? मी कुनाला मारलं न्हाय. उचलून आनलं. काय वाचले, काय वाटंतच गेले." आणि लेकाला म्हणाले, "तुला लाज वाटली तर सांग."

आमचे हे उठले आणि बापाच्या पाया पडले. मग चौकटीतून आत्याबाईंचा आवाज आला.

"म्हंजे इतकी वर्सं मी तुमाला उगंच भ्यायले व्हय?"

तेव्हा मात्र मामंजी हसले. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा. त्यांना हसताना बघून आत्याबाई लाजल्या, आणि मी काळा चहा पुन्हा करायला आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून पहाटेचा आवाज सुरू झाला, पण मळ्यातून नाही, आमच्या अंगणातून. गावाला कळायला वेळ लागला नाही. पारावरच्या दोघा-तिघांनी नाकं मुरडली, बाजेवाला निघाला म्हणून. त्यातल्या एकाचा थोरला भाऊ बसऱ्याहून पायात गोळी लागून परत आलेला होता. त्या भावानं काठी टेकत पारावर येऊन सांगितलं, मला कुणी उचलून आणलं ते मला दिसलं नाही, तेव्हा हवालदारांनीच आणलं असं मी धरून चालतो. त्यानंतर कुणी नाक मुरडलं नाही. एवढंच झालं, की बटव्यातली तंबाखू बंद झाली आणि पारावरची गर्दी पांगली.

मेळाव्याच्या दिवशी आम्ही सगळे लोंढ्याकडून येणाऱ्या गाडीनं बेळगावला गेलो. सुनेनं अशा ठिकाणी जायची पद्धत नव्हती, पण मामंजी स्वतः म्हणाले, ती येणार. पट्टा आत्याबाईंनी स्वतः पांढरा करून दिला होता. कातड्याला हात लावून.

कॅम्पातल्या मैदानात मांडव. पुढं पेन्शनर ओळीनं बसलेले, मागं आम्ही बायका. बँड वाजला. यल्लाप्पाकाकांनी ढोल असा बडवला की मांडवातली कबुतरं उडाली. मामंजी कॉर्नेट घेऊन इतरांबरोबर उभे होते, गाल फुगवून, डोळे मिटून. मला तेवढ्या बाज्यांत त्यांचा एकट्याचा आवाज ओळखू येत होता, निदान मला तसं वाटत होतं.

मग बाकीचे थांबले आणि मामंजी एकटेच पुढं आले. कॉर्नेट ओठाला लावलं आणि संथ, थांबत थांबत, अडखळत एक चाल वाजवली. काय तो सूर, बायांनो. काळजाला पीळ पडला. मला बसऱ्याचं रण डोळ्यांपुढं दिसलं, ती डोली दिसली, वाटेतच गेलेली ती माणसं दिसली. मी हुंदके द्यायला लागले.

शेजारी बेळगावच्याच खासबागेतली एक बाई बसली होती. तिनं विचारलं, काय झालं गं? मी सांगितलं, हे माझे सासरे. लढाईतनं जी माणसं परत आली नाहीत, त्यांच्यासाठी वाजवतायत. तीही रडायला लागली. तिनं पलीकडचीला सांगितलं. बघता बघता बायकांची अख्खी ओळ पदर डोळ्याला लावून बसली. तेवढ्यात पुढचे सगळे पेन्शनर एकदम उठून उभे राहिले. मी म्हटलं, मान देतायत. मीही उठले, हात जोडले, डोळे मिटले. माझं बघून सगळ्या बायका हात जोडून उभ्या. सूर थांबला तरी आम्ही उभ्याच.

डोळे उघडले तर समोर मांडव रिकामा, आणि मामंजी कॉर्नेट काखेत धरून माझ्यापुढं उभे.

"काय झालं पोरी? सगळ्या का रडतायसा?"

मी हुंदका आवरत म्हटलं, "मामंजी, त्या गेलेल्या मानसांसाठी तुमी एवढं वाजवलंसा..."

त्यांनी एकदा त्या बायकांच्या ओळीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि फक्त मला ऐकू येईल एवढ्या हळू बोलले, "पोरी, ती जेवनाची वर्दी हुती. ताटं घेऊन या, असं सांगत्यात त्यात. माझं ओठ सरावात न्हाईत, म्हनून हळू वाजली."

आम्ही पंगतीला पोचेपर्यंत पेन्शनरांची पहिली पंगत ढेकर देत होती. भात मिळाला, आमटी मिळाली. पण माझ्या सांगण्यावरून हात जोडून उभ्या राहिलेल्या त्या अख्ख्या ओळीत एकाही बाईला जिलबी मिळाली नाही, आणि खासबागेतली ती बाई आजही बाजारात भेटली की माझ्याकडं बघून तोंड फिरवते.